कामगाराला कोणी विचारले?

सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली. सभा बोलावणारे नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. आठवड्याच्या सुट्टीचा नियम नव्हता. सभेनंतर सरकारकडे जे निवेदन गेले त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या व अंगठे होते. मागण्या थोड्या आणि साध्या होत्या. रविवारी सुट्टी असावी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत मिळावा आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत आधार मिळावा.

रविवारच्या सुट्टीला गिरणी मालकांनी १० जून १८९० रोजी मान्यता दिली. साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांना १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात जागा मिळाली.

ही मागणी येथे आठवण्याचे कारण वेगळे आहे. सुपारीबागेतील सभेनंतर त्रेचाळीस वर्षांनी, १९२७ मध्ये, अमेरिकेतील एका कारखान्यात शास्त्रज्ञांनी प्रयोग मांडला. कामगारांना मधून मधून विश्रांती दिली तर उत्पादनावर काय परिणाम होतो, हे त्यांना पाहायचे होते. व्यवस्थापनशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात हा प्रयोग असतो. मुंबईच्या कामगारांची मागणी मात्र कामगार चळवळीच्या इतिहासात राहिली. थकलेल्या हाताला काय हवे हे तो हात सांगू शकतो, पण त्याला विचारायचे कोणी आणि त्याने सांगितलेले मानायचे किती, हा प्रश्न व्यवस्थापनाच्या शास्त्राने गेल्या शंभर वर्षांत निरनिराळ्या प्रकारे सोडवून पाहिला. त्या प्रयत्नांचा शेवटचा टप्पा आपल्या मुंबईच्या उपनगरातच, कुर्ल्याला, घडला. म्हणून हा इतिहास शिक्षकांनी माहीत करून घेण्याजोगा आहे.

स्टॉपवॉचचे शास्त्र

पहिले उत्तर फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याचे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने 'शास्त्रीय व्यवस्थापना'चा पुरस्कार केला. त्याचे या विषयावरील प्रसिद्ध पुस्तक १९११ चे. प्रत्येक कामाचे छोटे छोटे भाग पाडायचे, प्रत्येक भागाला किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉच लावून मोजायचे, सर्वांत कमी वेळाची पद्धत निवडायची आणि ती कामगाराला नेमून द्यायची. विचार करण्याचे काम नियोजन विभागाचे, हात चालवण्याचे काम कामगाराचे. यात कामगाराचे निरीक्षण पुष्कळ होते, पण त्याला विचारण्याची गरज नव्हती. या पद्धतीने उत्पादन वाढले. त्याबरोबर संप आणि असंतोषही वाढला.

हॉथॉर्नची खोली

दुसरे उत्तर शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातून आले. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या या कारखान्यात दूरध्वनीची उपकरणे तयार होत. १९२४ पासून तेथे दिव्यांच्या उजेडाचे प्रयोग चालले होते. उजेड वाढवला की काम वाढते का, एवढाच प्रश्न होता. निष्कर्ष काही केल्या सरळ निघेनात. उजेड आणि उत्पादन यांचा ठाम संबंध दिसेना.

एप्रिल १९२७ मध्ये नवा प्रयोग सुरू झाला. रिले नावाचा, सुमारे पस्तीस सुटे भाग असलेला लहानसा विद्युत भाग जोडणाऱ्या पाच मुली निवडल्या. त्यांना सुटे भाग पुरवायला सहावी मुलगी दिली. त्यांना वेगळ्या खोलीत बसवले आणि शेजारी एक निरीक्षक नेमला. प्रथम पाच पाच मिनिटांच्या दोन विश्रांती दिल्या, मग दहा दहा मिनिटांच्या, नंतर पाच मिनिटांच्या सहा. मधल्या वेळचे खाणे दिले, सुट्टी लवकर केली. उत्पादन एकंदरीत वाढत गेले. काही सवलती काढून घेतल्यावरही ते फारसे उतरले नाही.

हार्वर्डमधील एल्टन मेयो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावरून असा अर्थ काढला की विश्रांती किंवा उजेड यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट माणसांमधील संबंध ही आहे. या मुलींकडे कोणी तरी लक्ष देत होते, त्यांचे मत विचारत होते, त्यांचा एक गट तयार झाला होता. यातून 'मानवी संबंध' नावाचा विचारप्रवाह जन्माला आला. कंपनीने पुढे सुमारे एकवीस हजार कामगारांच्या मुलाखती घेतल्या. कामगाराला पगाराबरोबर आपलेपणाही हवा असतो, हे वाक्य व्यवस्थापनाच्या वर्गांत पोहोचले ते या खोलीतून.

विज्ञान शिकवणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे. प्रयोग करताना एका वेळी एकच घटक बदलायचा, हे आपण सातवीच्या मुलांनाही सांगतो. हॉथॉर्नच्या खोलीत एकाच वेळी अनेक गोष्टी बदलल्या होत्या. पूर्वी मोठ्या विभागाच्या एकत्रित उत्पादनावर या मुलींची कमाई ठरे. आता ती त्यांच्या लहानशा गटाच्या कामावर ठरू लागली, म्हणजे जास्त काम केले तर जास्त पैसा थेट हातात. शिवाय जानेवारी १९२८ मध्ये, फार बोलतात आणि सहकार्य करत नाहीत म्हणून, पाचांपैकी दोघींना खोलीतून काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या गेल्या. मग वाढ आपलेपणाची, पैशाची की निवडीची? १९७८ मध्ये रिचर्ड फ्रँकी आणि जेम्स कॉल यांनी जुन्या आकड्यांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण केले. उत्पादनातील बहुतेक चढउतार शिस्तीची कारवाई, मंदीतील नोकरीची धास्ती आणि विश्रांतीचा वेळ यांनी समजावता येतो, असे त्यांना आढळले.

उजेडाच्या प्रयोगाची गंमत तर आणखी वेगळी. हरवले असे समजले गेलेले त्याचे आकडे स्टीव्हन लेविट आणि जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी शोधून काढले आणि २०११ मध्ये पुन्हा तपासले. दिवे नेहमी रविवारी बदलले जात. सोमवारी उत्पादन शनिवारपेक्षा जास्त दिसे आणि ते नव्या दिव्यांच्या खाती जमा होई. पण ज्या आठवड्यात दिवे बदलले नव्हते त्या आठवड्यातही सोमवारचे उत्पादन शनिवारपेक्षा जास्तच होते! रविवारच्या सुट्टीचा परिणाम दिव्यांच्या नावावर लिहिला गेला होता. लोखंड्यांच्या निवेदनावर अंगठा उठवणाऱ्या कामगाराला याचे नवल वाटले नसते.

हॉथॉर्नचा प्रयोग अगदी निरुपयोगी ठरला असे नाही. कामगार म्हणजे यंत्राचा सुटा भाग नव्हे, हे त्याने मालकवर्गाच्या भाषेत आणले. पण तेथे जे झाले त्याला विचारपूस म्हणता येईल. विश्रांती किती आणि केव्हा द्यायची याबाबत मुलींचे मत घेतले जाई, पण शेवटचा निर्णय कंपनीचा असे. आणि नको असलेल्या दोघींना काढतानाही निर्णय कंपनीचाच होता.

अहमदाबादचे साचे

तिसरे उत्तर आपल्या जवळचे आहे. १९५३ साली अहमदाबाद मुंबई राज्यातच होते. तेथील कॅलिको मिलच्या साराभाई व्यवस्थापनाने लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील ए. के. राइस यांना सल्लागार म्हणून बोलावले. मिलने नवे स्वयंचलित माग आणले होते, पण उत्पादन अपेक्षेइतके वाढत नव्हते आणि कापडात दोष फार निघत होते.

राइस यांनी माणसांच्या मनापेक्षा आधी कामाची मांडणी पाहिली. दोनशेहून अधिक मागांच्या खात्यात एकोणतीस कामगार होते आणि कामाचे बारा वेगवेगळे प्रकार पाडलेले होते. विणणारा वेगळा, कांडी भरणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा, तुटलेला ताणा सांधणारा वेगळा. एका मागावर या सगळ्यांचे हात फिरत, पण त्या मागाची जबाबदारी नेमकी कोणाची हे सांगता येत नसे. स्टॉपवॉचच्या शास्त्राप्रमाणे ही मांडणी अगदी योग्य होती.

राइस यांनी सुचवले की ठराविक मागांसाठी कामगारांचा एक लहान गट असावा आणि त्या मागांवरचे सर्व काम त्याने आपसांत वाटून घ्यावे. कल्पना खात्यात पोहोचताच मुकादम आणि कामगार यांनी ती उचलली आणि कोण कोणाबरोबर काम करणार हे आपापसांत ठरवून गट पाडलेसुद्धा. आरंभी घडी बसेपर्यंत अडचणी आल्या. नंतर मागांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांपर्यंत गेली आणि दोष असलेल्या कापडाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले.

सतरा वर्षांनी, १९७० मध्ये, राइस यांचे सहकारी एरिक मिलर यांनी तेथे पुन्हा जाऊन पाहिले. एका खात्यात गटपद्धती जवळजवळ तशीच टिकली होती. इतर ठिकाणी ती झिजत जाऊन जुनी पद्धत परत आली होती. म्हणजे सहभाग ही एकदा देऊन संपणारी वस्तू नव्हे. यंत्र, बाजार आणि वरिष्ठ बदलले की तो मागे फिरू शकतो. आणि अहमदाबादमध्येही कामगाराच्या हाती आला तो कामाच्या मांडणीचा निर्णय. कोणते कापड विणायचे, नफा कोठे गुंतवायचा, गिरणी चालू ठेवायची की बंद करायची, हे निर्णय त्या साचेखात्याच्या बाहेरच राहिले.

कायद्यातील समित्या

भारतातील कायद्याने हा प्रश्न आपल्या परीने हाताळला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कार्य समिती नेमण्याची तरतूद होती. तिच्यात मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी असत आणि कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावेत अशी अट होती. पण या समित्यांनी बोलायचे कशाबद्दल? १९५९ च्या भारतीय श्रम परिषदेने विषयांची यादीच केली. पिण्याचे पाणी, कँटीन, उजेड, सुरक्षितता, सणांच्या सुट्ट्या हे समितीचे विषय. पगार, बोनस, कामगार कपात हे समितीबाहेरचे. १९५८ मध्ये संयुक्त व्यवस्थापन मंडळे आली. १९७५ मध्ये पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी विभागवार मंडळांची योजना आली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ४३-क घातला गेला आणि उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याच्या धोरणाचे एक मार्गदर्शक तत्त्व झाले. मार्गदर्शक तत्त्व न्यायालयातून बजावून घेता येत नाही, हे नागरिकशास्त्र शिकवणाऱ्यांना सांगायला नकोच.

हे विचारविनिमयाचे युग म्हणावे लागेल. विचारपूस होती तेथे आता समिती आली, इतिवृत्त आले. निर्णय मात्र पूर्वीच्याच टेबलावर होत.

कुर्ल्याचा कारखाना

मुंबईच्या उपनगरांचा नकाशा समोर घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर शहराबाहेर या पट्ट्यात अभियांत्रिकी, रसायने आणि औषधे यांचे कारखाने उभे राहिले. दिंडोशीच्या उत्तरेला कांदिवलीत महिंद्रांचे जीप-ट्रॅक्टर होऊ लागले. पूर्वेचा डोंगर ओलांडला की मुलुंड, भांडुप, विक्रोळी अशी कारखान्यांची रांग खाली कुर्ल्यापर्यंत जाई. कुर्ल्यात प्रीमियर मोटारी तयार होत, आणि कुर्ल्यातच कमानी ट्यूब्ज हा तांबे आणि तांब्याच्या मिश्रधातूंच्या नळ्या तयार करणारा कारखाना होता.

उद्योगपती रामजीभाई कमानी यांच्या पश्चात वारसांत वाद झाले आणि कारखान्याची घडी विसकटली. १९८५ मध्ये उत्पादन थांबले. सुमारे सहाशे कामगार दाराबाहेर आले. १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपाने हजारो घरांची चूल विझवल्याचे सगळ्यांनी पाहिले होते. कमानी कामगारांच्या संघटनेने, तिचे नेते डी. थंकप्पन यांच्या पुढाकाराने, निराळाच रस्ता धरला. नुकसानभरपाई घेऊन घरी जाण्याऐवजी, कारखाना आम्हालाच चालवू द्या, अशी योजना त्यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे नेली. न्यायालयाच्या सांगण्यावरून आजारी उद्योगांचा विचार करणाऱ्या औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाने ती तपासली आणि १९८८ मध्ये मंजूर केली. जुन्या मालकांचे भाग नाममात्र किमतीने कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आले. बँकांनी कर्ज दिले, कामगारांनी आपल्या बचतीतून वाटा उचलला आणि पगाराला मुरड घातली. १९८९ मध्ये यंत्रे पुन्हा सुरू झाली.

आता कामगाराला विचारण्याचा प्रश्नच उरला नव्हता. मालक तोच होता. पहिली काही वर्षे कारखाना चांगला चालला. देशभरातील संघटना आणि अभ्यासक कुर्ल्याला येऊन पाहून जात.

हातातले ज्ञान आणि वहीतले ज्ञान

तांब्याची नळी कशी होते ते पाहू. तापवलेल्या धातूच्या ठोकळ्यातून जाड नळी दाबून काढतात. मग ती थंड अवस्थेत लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढतात. प्रत्येक वेळी नळी बारीक आणि लांब होते आणि धातू कडक होत जातो. फार कडक झाला तर नळी तडकते, म्हणून मध्ये ती तापवून पुन्हा मऊ करावी लागते. केव्हा तापवायची, कोठे थांबायचे, हे तक्त्यात लिहिलेले असतेच, पण वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला ते नळीच्या आवाजावरून आणि स्पर्शावरूनही कळते. अहमदाबादच्या साचेखात्यात मोकळे झाले ते अशा प्रकारचे ज्ञान. कुर्ल्याच्या कामगारांकडे ते भरपूर होते.

पण कारखाना चालवायला आणखी एक ज्ञान लागते. समजा, शंभर रुपयांचे तांबे आज रोख घेतले. त्याची नळी व्हायला, विकली जायला आणि गिऱ्हाइकाचे पैसे यायला तीन महिने लागले. या तीन महिन्यांत पगार द्यायचा, विजेचे बिल भरायचे आणि पुढचे तांबेही घ्यायचे. यासाठी हाताशी लागणारा पैसा म्हणजे खेळते भांडवल. तांब्याचा भाव चढला की तेवढ्याच नळ्यांसाठी जास्त भांडवल लागते. ते नसेल तर यंत्र चांगले, कामगार कुशल, गिऱ्हाईक दारात, आणि तरीही कारखाना थांबतो. कमानी ट्यूब्जला पुढे नेमकी खेळत्या भांडवलाची चणचण भासू लागली. १९९१ नंतर बाजारही बदलला. कामगार, त्यांचे नेते आणि नेमलेले व्यवस्थापक यांच्यात मतभेद वाढले. संघटनेने मालकाशी भांडायचे असते, पण मालक आपणच असलो तर भांडायचे कोणाशी, या प्रश्नाला तयार उत्तर कोणाकडेच नव्हते. १९९० च्या दशकातच कारखाना पुन्हा आजारी पडला. २००६ मध्ये तो उद्योजक कल्पना सरोज यांच्या ताब्यात गेला आणि कामगारांची मालकी संपली.

या शेवटावरून कामगारांना कारखाना चालवता येत नाही असा निष्कर्ष काढणे म्हणजे दिव्यांच्या प्रयोगात सोमवारचे उत्पादन दिव्यांच्या खाती लिहिण्यासारखेच होईल. वारसदार मालकांच्या हाती असतानाही तो बंद पडलाच होता. त्या काळात मुंबईत बंद पडलेल्या कितीतरी कारखान्यांत कामगारांचा काहीच सहभाग नव्हता. कुर्ल्याच्या कामगारांना निर्णयाचा अधिकार मिळाला तो कारखाना बुडाल्यानंतर, अपुऱ्या भांडवलासह. आयुष्यभर ज्यांना कँटीन आणि पिण्याच्या पाण्यापलीकडच्या विषयांपासून दूर ठेवले, त्यांच्यापुढे एके दिवशी सगळा ताळेबंद आला. वही वाचण्याची सवय आधीच्या वर्षांत लागली असती तर निकाल कदाचित वेगळा लागला असता, कदाचित नसता. पण ती संधी न देता घेतलेली परीक्षा न्याय्य म्हणता येत नाही.

वर्गासाठी थोडेसे

या इतिहासाचा वर्गात दोन प्रकारे उपयोग होईल. पहिला प्रयोगाच्या शिस्तीसाठी. मुलांचे दोन गट करून मणी ओवण्याचे काम द्यावे. एका गटाशेजारी निरीक्षक बसवावा, दुसऱ्याशेजारी नाही. दोन्ही गटांचे काम एकाच दिवशी, एकाच वेळी मोजावे. मग एका गटाचे सोमवारी आणि दुसऱ्याचे शनिवारी मोजून पाहावे. हॉथॉर्नमध्ये कोठे चुकले ते मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

दुसरा उपयोग समाजशास्त्रासाठी. दिंडोशी, मालाड, कुर्ला, भांडुप या भागांतील शाळांत अनेक मुलांचे आजोबा किंवा आजी कारखान्यात कामाला होते. मुलांनी त्यांना तीन प्रश्न विचारावेत. तुमची ख्यालीखुशाली साहेब विचारत का? काम कसे करावे याबद्दल तुमचे मत घेत का? आणि कंपनीचा जमाखर्च तुम्हाला कधी दाखवला का? पहिल्या प्रश्नाला होकार पुष्कळ येतील, दुसऱ्याला कमी. तिसऱ्याला किती येतात ते मोजून फळ्यावर लिहावे.

हेच तीन प्रश्न शिक्षकांनी आपल्या शाळेबद्दलही विचारायला हरकत नाही. वेळापत्रक लावताना, सहलीचा खर्च ठरवताना, प्रयोगशाळेची खरेदी करताना, शिक्षकांशी फक्त विचारपूस होते, विचारविनिमय होतो, की हिशेबाची वहीसुद्धा समोर ठेवली जाते? आणि आपण स्वतः वर्गात मुलांच्या बाबतीत यांपैकी काय करतो?